कोरडा चालवायचा नाही

माझ्या मनगटावर बाबांची तीन बोटं असायची आणि त्यांची नजर स्वतःच्या घड्याळातल्या सेकंदकाट्यावर. हे चालू असताना बोलायचं नाही, असा नियम होता. पर्वतीच्या सगळ्या पायऱ्या न थांबता चढून आल्यावर गप्प राहणं सोपं नसतं, पण अर्धं मिनिट मी तोंड उघडं टाकून धापा टाकत उभी राहायचे. मग ते मोजलेल्या ठोक्यांची दुप्पट करून सांगायचे, "एकशे चाळीस." मग कठड्याला टेकून आम्ही दोन मिनिटं खालचं पुणं बघायचो आणि पुन्हा ती तीन बोटं यायची. "शहाण्णव. चांगला पंप आहे."

त्यांच्या कौतुकाची हद्द तिथे संपायची. दहावीला शाळेत दुसरी आले तेव्हा "बरं झालं" एवढंच म्हणाले होते. त्यामुळे 'चांगला पंप' ही पदवी मला फार मोलाची वाटे आणि ती मिळावी म्हणून मी दर रविवारी झोपमोड करून त्यांच्यामागे पर्वती चढायचे. तेव्हा आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. बाबा पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. तयार झालेला प्रत्येक पंप ट्रकमध्ये चढण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचा. ते त्याला पाणी देत, चालवत, मिनिटाला किती लिटर फेकतो ते मोजत आणि एका छापील कागदावर सगळं लिहून खाली सही करत. त्या कागदाला टेस्ट शीट म्हणायचे. सहीशिवाय पंप बाहेर जात नसे, हे ते आम्हाला वर्षातून चार-पाचदा तरी ऐकवत.

खंडेनवमीला कारखान्यात घरच्या माणसांना आत सोडायचे. यंत्रं धुऊनपुसून ठेवलेली, त्यांना झेंडूच्या माळा, जमिनीवर ऑइलच्या डागांच्या कडेकडेने काढलेली रांगोळी. आई ठेवणीतली साडी सावरत दारातच उभी राहायची. मला मात्र बाबा त्यांच्या टेस्टिंगच्या जागी घेऊन जात. मी तिसरीत असताना त्यांनी पंप चालू करून मला पुढचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायला लावला होता. पाणी कमी झालं, काटा वर चढला, पंपाचा आवाज बदलला. मग त्यांनी तो पुन्हा उघडला, पाणी आत येतं तो मागचा व्हॉल्व्ह आवळत आणला, एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं आणि लाकडी मूठ माझ्या कानाला लावली. आत कोणीतरी पावशेर खडे ढवळत असावं असा आवाज आला. "त्याला पुरेसं पाणी येत नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मागचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. खडे थांबले आणि नुसती घुंई ऐकू यायला लागली. "पंप स्वतःहून पाणी आणत नसतो. येईल तेवढं पुढे ढकलतो. त्याला काही झालं तरी कोरडा चालवायचा नाही. कोरडा चालवला की जळतो."

तो स्क्रू ड्रायव्हर घरी आमचा फॅमिली डॉक्टर होता. फ्रीज घरघरला, मिक्सर कुरकुरला, शेजारच्यांची स्कूटर आजारी पडली, की बाबा मूठ कानाला लावून डोळे मिटत आणि निदान सांगत. ते चुकलेलं मी पाहिलं नाही. खंडेनवमीला घरातल्या पाटावर त्याची पूजा व्हायची. शेजारी आईची कात्री आणि विळी, माझी कंपासपेटी. पुढे मला नोकरी लागली त्या वर्षी बाबांनी विचारलं, तुझं हत्यार कोणतं ठेवायचं? मी बराच विचार करून एक फ्लॉपी दिली. हळदकुंकू लागलेली ती फ्लॉपी नंतर कुठल्याच संगणकात चालली नाही.

ती नोकरी म्हणजे कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका बंगल्यात भरलेलं सॉफ्टवेअरचं ऑफिस. जेवणाच्या खोलीत सर्व्हर, पोर्चमध्ये चपला. परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीचे जुने प्रोग्रॅम आम्ही तपासत असू. बाबांनी एकदा शांतपणे विचारलं होतं की तुमच्या कामाचं आउटपुट कशात मोजतात. मी प्रोग्रॅमच्या ओळींमध्ये असं उत्तर दिलं. "मग ते भजनी मंडळातही मोजता येईल," असं म्हणून ते पेपर वाचायला लागले.

पण तेच दिवस होते जेव्हा बाहेरच्या देशांतून पंप येऊ लागले आणि त्यांच्या कारखान्यातल्या दोन पाळ्यांची एक झाली. टेस्टिंगला संगणकाचं पॅनेल बसलं. पंप जोडायचा, बटण दाबायचं, शीट आपोआप छापून बाहेर. सहीचीही गरज उरली नाही. बाबांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली, ज्यात त्यांची स्वेच्छा कोणी विचारली नव्हती. त्या पॅनेलमागे माझ्यासारख्याच कोणीतरी एखाद्या बंगल्यात बसून लिहिलेला प्रोग्रॅम असणार, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं होतं आणि दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही. मला त्याची लाज वाटायची, अजूनही वाटते.

निवृत्तीनंतर आम्ही धायरीला फ्लॅट घेतला. तेव्हा धायरी अर्धी गावच होती. आमच्या बिल्डिंगसमोर ज्वारी उभी होती. नळाचं पाणी दिवसाआड, ते खालच्या टाकीत साठवायचं आणि पंपाने गच्चीवर चढवायचं. सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये बाबांनी पंपाची जबाबदारी मागून घेतली. चेअरमनपद त्यांना देऊ केलं होतं, ते त्यांनी "पंप बघायला वेळ मिळणार नाही" म्हणून नाकारलं. जिन्याखालच्या छोट्या खोलीत तो पंप होता. तिथे त्यांनी भिंतीला चुना लावला, एक खुर्ची टाकली, खिळ्यावर स्क्रू ड्रायव्हर टांगला आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक मग ठेवला. पंप सुरू करण्याआधी त्याच्या पोटात पाणी भरावं लागायचं, त्यासाठी तो मग. सकाळी आणि संध्याकाळी बाबा तासभर तिथे असत. एकदा आम्ही लग्नाला गेलो असताना कोणा हौशी भाडेकरूने खालची टाकी रिकामी असताना पंप लावून दिला आणि तो जळला. बाबा दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण जेवताना बोलले नाहीत.

त्यांचं हृदय कधी दुखलं नाही. नुसता दम लागायला लागला. आधी तिसऱ्या मजल्यावर, मग दुसऱ्या, मग चपला घालताना. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की एक झटका कधीतरी न सांगता येऊन गेला होता आणि हृदय थकून मोठं झालं होतं. डॉक्टर तरुण होते, बोलायला आवडणारे. त्यांनी पडद्यावर बाबांना त्यांचंच हृदय उघडझाप करताना दाखवलं. आई बघेना, मी रडवेली झाले होते आणि बाबांनी विचारलं, "डॉक्टर, मिनिटाला किती लिटर?"

डॉक्टरांची कळी खुलली. त्यांनी सांगितलं की निरोगी माणूस नुसता बसला असेल तर साधारण पाच लिटर. एका ठोक्याला जेमतेम सत्तर मिलिलिटर, म्हणजे छोटा कप, आणि असे मिनिटाला सत्तर ठोके. जिना चढला, धावला तर हाच आकडा चौपट-पाचपट होतो. बाबांनी विचारलं, वेग वाढवून की प्रत्येक फेकीत जास्त पाणी देऊन? दोन्ही, डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी नसांचं सांगितलं. एक नस हृदयाला पळवते, दुसरी आवरते. आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हा आवरणाऱ्या नसेचा हात हृदयावर सतत असतो. तिने तो काढला तर ते बसल्या जागी शंभराने धावायला लागेल. चढ लागला की ती आधी आपला हात काढून घेते, मग पळवणारी पुढे होते. मला पर्वतीवरचे एकशे चाळीस आठवले.

"पण किती ढकलायचं हे ठरवतं कोण?" बाबांनी विचारलं.

"खरं सांगू का काका, हृदय फारसं काही ठरवत नाही," डॉक्टर म्हणाले. "काम करणाऱ्या स्नायूंना रक्त हवं असतं, ते आपले रस्ते उघडतात. तिथून शिरांमधून जेवढं परत येतं, तेवढं हृदय भरतं, ताणलं जातं. जास्त ताणलं की जास्त जोराने आवळतं. येईल तेवढं पुढे."

बाबा इतके खूश झाले की मला जरा रागच आला. आयुष्यभर आपण जे पंपाबद्दल सांगत आलो, तेच एका शिकलेल्या माणसाने हृदयाबद्दल सांगावं, यापुढे त्यांना आजाराचं काही वाटेना. तेवढ्यात बाहेरून पुढच्या पेशंटची चिठ्ठी आली. डॉक्टरांनी भराभर गोळ्या लिहिल्या आणि शेवटी सांगितलं की मीठ अगदी कमी आणि पाणी दिवसाला एक लिटर. चहा, ताक, आमटी सगळं धरून एक लिटर. बाबांनी मान डोलावली, पण दारातून बाहेर पडताना त्यांच्या कपाळावर आठी होती. ती मी पाहिली आणि गोळ्यांची असेल असं धरून चालले.

दुसऱ्या दिवसापासून आईने एक लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. बाबांनी जे काही प्यायचं ते त्या बाटलीतून. चहा दिला की तेवढं पाणी बाटलीतून कोरफडीच्या कुंडीत ओतायचं. रात्री बाटली रिकामी. आई या कामात इतकी काटेकोर होती की आमटीसुद्धा कपाने मोजून वाढायची. त्या काळात आमची कोरफड चांगली फोफावली.

याच सुमारास मला परदेशी पाठवायचं ठरलं. दीड वर्षाचं काम, माझ्या आधी लागलेल्या मुलांना मिळालं होतं तसं, आणि आमच्या ऑफिसात बाईमाणसाला पहिल्यांदाच. व्हिसाचा शिक्का बसला. मला जायचं होतं. हे सरळच सांगते, कारण पुढे लोकांनी मला फार कर्तव्यदक्ष मुलगी ठरवलं. मला जायचंच होतं, पण बाबांना या अवस्थेत सोडून जाण्याची छाती नव्हती. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, महिनाभरात सूज उतरली, वजन स्थिर झालं तर बिनधास्त जा. नाही तर अ‍ॅडमिट करावं लागेल, मग तुम्हीच ठरवा. म्हणजे माझं जाणं बाबांच्या पायांवर ठरणार होतं.

पाय उतरेनात. मोज्याची खूण संध्याकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढी खोल जायची. वजन वाढत होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी वाढत होतं. तिसऱ्या खेपेला ते वैतागून म्हणाले की कुठून तरी मीठ नाही तर पाणी जातंय, गोळ्या खोटं बोलत नाहीत. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आणि मी, त्या केबिनमध्ये, त्या परक्या माणसासमोर आईकडे बोट दाखवून म्हणाले, "घरात लोणचं कोण वाढतं ते हिला विचारा."

 आईने पर्सची चेन ओढली, उघडली, पुन्हा ओढली. रिक्षात आम्ही तिघं बसून स्वारगेटवरून धायरीपर्यंत आलो तेव्हा फक्त रिक्षावाला बोलत होता. त्या दिवसापासून आईने सगळ्यांच्याच जेवणातलं मीठ बंद केलं. लोणच्याची बरणी तिने शेजारी नेऊन दिली. माझं ताट वाढायची, डबा भरायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मी माफी मागितली नाही, कारण मला आपलं म्हणणं खरं वाटत होतं. आई कोणाचं मन मोडू शकत नाही, बाबांनी मागितलं असेल, तिने दिलं असेल. माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं.

चार दिवसांनी शनिवार होता. सकाळी मला बँकेच्या एका फॉर्मवर बाबांची सही हवी होती. ते घरात नव्हते. खाली उतरले तर वॉचमन मामा गेटपाशी वाटाणे सोलत बसले होते. धायरीचेच, पूर्वी त्यांची समोर शेती होती. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पंपाच्या खोलीत हायती. आत्ताच तीनदा जिना चढून उतरून आले. लई दमले, पर ऐकत न्हाईत."

मी धावतच गेले. दार लोटलेलं होतं. बाबा खुर्चीत बसले होते, शर्ट घामाने ओला, तीन बोटं स्वतःच्या मनगटावर, नजर घड्याळावर. मला बघून त्यांनी दुसऱ्या हाताने 'थांब' अशी खूण केली. नियम तोच होता. अर्धं मिनिट मी उभी राहिले. मग त्यांनी मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहिलं, वाकून टाकीच्या नळाखाली तो अ‍ॅल्युमिनियमचा मग धरला, काठोकाठ भरला आणि माझ्यासमोर घटाघटा पिऊन टाकला.

 मी विचारलं, "किती दिवस?"

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "आता सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

मी त्यांच्या हातातून वही ओढून घेतली. जुन्या टेस्ट शीटसारखे रकाने त्यांनी पट्टीने आखले होते. बसलेले ठोके. तीन वेळा जिना चढल्यावरचे ठोके. दोन मिनिटांनंतरचे. पाणी, मगमध्ये. शेवटी शेरा. कारखान्यातल्या कागदावर असायची तशी वर एक चौकट होती. 'ग्राहक' याच्यापुढे लिहिलं होतं, 'मुलगी'. 'माल देण्याची तारीख' याच्यापुढे माझ्या विमानाची तारीख. खाली रोजच्या रोज ओळी भरलेल्या. बसलेले बासष्ट, जिना चढून अडुसष्ट. चौसष्ट, सत्तर. शेऱ्यामध्ये पहिल्या आठवड्यात, 'वेग वाढत नाही. पाणी कमी पडते आहे.' त्यानंतर मगची संख्या एकावरून दोन, दोनावरून चार. आणि मग प्रत्येक दिवशी एकच शेरा, 'नापास. पुन्हा घेणे.'

"तू जायच्या आत पास करून दाखवायचा होता," बाबा म्हणाले. "डॉक्टर स्वतः म्हणाले, येईल तेवढं पुढे. मग एक लिटर कसं पुरेल? मी चाळीस वर्षं पंप चालवलेत. कोरडा चालवायचा नसतो."

मी खाली फरशीवर बसले आणि रडले. रागाने, आणि दयेने, आणि मला ते किती आवडतात हे त्या क्षणी सहन न होऊन. बाबा अवघडून स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिले. त्यांच्या हिशेबात कुठेही खोट नव्हती. फक्त तो हिशेब एका न झिजलेल्या पंपाचा होता, आणि एवढी एक गोष्ट डॉक्टरांच्या घाईत सांगायची राहून गेली होती.

वर गेले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आई, माझं चुकलं." तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "बरं. कुकर लाव आता," ती म्हणाली. बराच वेळ गेल्यावर पुन्हा म्हणाली, "मला वाटलं होतं तू मला ओळखतेस." ते वाक्य मला अजून लागतं.

डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मी वाट बघत होते की आता हे ओरडणार. ते हसलेही नाहीत आणि ओरडलेही नाहीत. त्यांनी खुर्ची बाबांच्या शेजारी ओढली आणि बाहेरच्या मुलीला सांगितलं की पंधरा मिनिटं कोणाला पाठवू नकोस. मग म्हणाले की चूक त्यांची आहे, त्यांनी अर्धंच सांगितलं होतं. ताणलं की जोराने आवळतं हे खरं, पण एका मर्यादेपर्यंत. लेंग्याचं इलॅस्टिक फार ताणलं गेलं की मग कितीही ओढा, ते परत येत नाही. तुमच्या हृदयाचं तसं झालंय. त्यात जास्त घातलं तर ते जास्त ढकलत नाही, मागे तुंबतं. फुप्फुसात तुंबतं म्हणून दम, पायांत तुंबतं म्हणून सूज.

 बाबांनी विचारलं, "म्हणजे सक्शनला काही दोष नाही, पाणी पुरेसं येतंय. आतला पंखाच झिजलाय."

"हो."

"मग चढल्यावर ठोके का वाढत नाहीत? पूर्वी वाढायचे."

तेही डॉक्टरांनी सांगितलं. हृदय थकलं की शरीर घाबरतं आणि पळवणाऱ्या नसेला सारखं कामाला लावतं, थकलेल्या बैलाला चाबूक मारावा तसं. त्याने ते आणखी झिजतं. म्हणून ती छोटी पांढरी गोळी. ती ठोके बांधून ठेवते. चढ असो, राग असो, आनंद असो, ते फारसे वाढणार नाहीत. ते पंपाचं अपयश नव्हे, मुद्दाम केलेलं आहे. असं म्हणून त्यांनी आपला स्टेथोस्कोप काढला आणि नळ्या बाबांच्या कानात घातल्या. बाबांनी डोळे मिटले. मला एकदम खंडेनवमी आठवली, झेंडूचा वास, कानाला लागलेली लाकडी मूठ. बराच वेळ ऐकून त्यांनी डोळे उघडले.

"पास नाही," ते म्हणाले. "पण भंगारातही टाकायला नको. डीरेट करू."

डीरेट म्हणजे काय ते त्यांनी डॉक्टरांना समजावलं. जुना पंप पूर्वीएवढं काम देत नसेल तर त्याच्याकडून कमी काम घ्यायचं, तशी पाटी त्याच्यावर लावायची आणि चालवत राहायचा. असे पंप वर्षानुवर्षं चालतात. डॉक्टर म्हणाले की एवढ्या थोडक्यात त्यांनाही कधी सांगता आलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाबांनी बाटलीबाहेरचा थेंब घेतला नाही. कारण समजलं की त्यांना सांगावं लागत नसे, आणि समजेपर्यंत कोणाच्या बापाचं ऐकत नसत. तीन आठवड्यांत पायांची हाडं दिसायला लागली. पंपाच्या खोलीतला मग त्यांनी स्वतःहून आईकडे आणून दिला. आईने तो चकचकीत घासला आणि त्यात तांदूळ मोजायला लागली. ती कोरफड मात्र पुढेही रोज बाबांच्या वाटचं पाणी पीत राहिली.

पुढे बाबा आणखी बरीच वर्षं होते, कमी काम करत, डीरेट होऊन. समोरच्या ज्वारीत बिल्डिंगा उभ्या राहिल्या, माझं ऑफिस बंगल्यातून हिंजवडीला काचेच्या इमारतीत गेलं, सोसायटीच्या पंपाला आपोआप बंद होणारा स्विच बसला. तो बसवून घेताना बाबा स्वतः उभे होते. आता कोणी कोरडा चालवूच शकणार नाही म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. पर्वती मात्र आम्ही पुन्हा कधी एकत्र चढलो नाही. मी एकटी चढते तेव्हा वर पोचल्यावर अजून अर्धं मिनिट बोलत नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती मी निघाले ती दुपार. विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं, पण नवा रस्ता झाला तरी मुंबईचा भरवसा नाही म्हणून गाडी जेवणानंतर लगेच बोलावली होती. बाबांना विमानतळापर्यंत यायची परवानगी नव्हती. ते खाली येऊन वॉचमन मामांच्या खुर्चीत बसले होते. आईने हातावर दही दिलं आणि तोंड फिरवलं. ड्रायव्हर बॅगा चढवत होता. मी नमस्कार करायला वाकले, तर उठताना बाबांनी माझं मनगट धरलं. कितीतरी वर्षांनी ती तीन बोटं तिथे आली होती. त्यांनी घड्याळ वर केलं आणि मी गप्प उभी राहिले.

"एकशे अठरा," ते म्हणाले. "आणि पायरी एकही चढली नाहीस."

 मी त्यांचा हात घेतला. त्यांनी घेऊ दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचे ठोके मोजले. अर्ध्या मिनिटात एकतीस. दुप्पट करून बासष्ट. वहीतल्या पहिल्या ओळीत होते तेवढेच, घरात बसून पेपर वाचताना असायचे तेवढेच. मी आकडा सांगितला. बाबांनी हात सोडवून घेतला, शर्टाची बाही खाली ओढली, कफचं बटण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे वाढणार नाहीत. ते गोळीने बांधून ठेवलेत. त्यावरून काही ठरवू नकोस."